‘संधिवात असलेल्या मुलांना एकही लस देऊ नका’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेला आठवडाभर हा मेसेज फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा येऊन गेला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर दोनदा, आणि काल तर फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना ओळखीच्या एका बाईंनी फोन काढून मलाच वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा, की संधिवात, ल्युपस असले आजार असलेल्या मुलांना कुठलीच लस देऊ नका, हे आजार मुळात लसीनेच होतात, लस दिली की आजार भडकतो, औषधं चालू असताना लस लागूच पडत नाही, लसीतले जिवंत जंतू अशा मुलांचा जीव घेतात, त्यापेक्षा रोग नैसर्गिकरीत्या होऊन गेलेला बरा. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पोचला माझ्यापर्यंत. माझी मुलगी नऊ वर्षांची, पाचव्या वर्षापासून तिला जेआयए आहे, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, दर शनिवारी रात्री जेवण झालं की प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि मग फॉलिक ॲसिड. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं प्रश्न विचारून विचारून डॉक्टरांचं डोकं खाल्लंय, तेवढ्या शिदोरीवर लिहिते.

आधी ‘लसीनेच होतो’ बघू. खरं सांगते, मलाही हेच वाटलं होतं. पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर दिला आणि त्याच महिन्यात तिचा डावा गुडघा सुजला, सासूबाई म्हणाल्या त्या सुईनेच केलं, मी गप्प बसले कारण मनात तेच होतं. मग एकदा शिगम्याचे जुने व्हिडिओ बघत होतो, बूस्टरच्या दोन महिने आधीचे, तर त्यात ही देवळाच्या पायऱ्या कठडा धरून एकेक करून उतरतेय, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मग पुढची. तेव्हा आम्ही हसलो होतो, दमली म्हणून. लहानपणीच्या लसी दर थोड्या महिन्यांनी असतात आणि जेआयएचा एक मोठा प्रकार नेमका पहिल्या पाचसहा वर्षांतच सुरू होतो, त्यामुळे सूज दिसली की मागे कुठली ना कुठली लस सापडणारच. आणि जेआयए म्हणायला सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान सहा आठवडे टिकलेली सूज लागते, एका दिवसाच्या दुखण्याला ते नाव नाही. हां, रुबेलाच्या लसीनंतर काही जणांचे, त्यातही जास्त करून मोठ्या बायकांचे, सांधे थोडे दिवस दुखतात, हे खरं आहे. ते आपोआप जातं. ह्यातूनच ‘लसीने संधिवात’ निघालं असेल असा माझा अंदाज.

‘आजार भडकतो’ म्हणतात त्यावर नेदरलँड्समध्ये नीट अभ्यास झालाय, २०१३ साली छापून आला. जेआयए असलेली १३७ मुलं, वय ४ ते ९, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा, बूस्टर दिला, दुसऱ्याला नाही, आणि वर्षभर दोन्ही गटांचे सांधे तपासले. आजारात म्हणण्यासारखा फरक नाही, लसीतल्या विषाणूने कोणी आजारीही पडलं नाही. त्यातली कितीतरी मुलं मेथोट्रेक्सेटवर होती. लसीनंतर एकदोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, पोर किरकिर करतं, त्याला फ्लेअर, म्हणजे आजार भडकणं, म्हणत नाहीत. उलट आजार भडकायला साधं इन्फेक्शनही पुरतं, आणि सिस्टिमिक, म्हणजे सांध्यांपलीकडे अख्ख्या शरीराला धरणाऱ्या, प्रकारात तर त्यातून मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम नावाची जिवावर बेतणारी भानगड होऊ शकते. ते फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

‘लागूच पडत नाही’ हे तर अर्धवट ऐकलेलं. मेथोट्रेक्सेटवर असताना लसीचा असर थोडा कमी होऊ शकतो, थोडा, शून्य नाही. रिटुक्सिमॅब नावाचं औषध मात्र वेगळं, ते अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच हात घालतं, त्यानंतर काही महिने लस दिली तर फारसं हाती लागत नाही, म्हणून ते सुरू करायच्या आधीच लसी उरकून घ्यायच्या असतात. हा तारखांचा हिशेब आहे आणि तो डॉक्टर बसून करतात. आपल्या मनाने गोळ्या बंद करून लस द्यायला जाऊ नका, आमच्या ओळखीत एकांनी केलंय, सांधे सुजले आणि खापर पुन्हा लसीवरच.

आता जिवंत जंतू. अख्ख्या मेसेजमध्ये खरं काही असेल तर ते इथे आहे, आणि तेच ताणून सगळ्या लसींवर थापलंय. लसी दोन जातीच्या. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, न्यूमोकॉकल, पोलिओचं इंजेक्शन, हेपटायटिस बी, फ्लूचं इंजेक्शन, मुलींची एचपीव्ही, ह्यांत जिवंत काहीच नसतं, स्टेरॉइड चालू असो की बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारं औषध), ह्या देता येतात. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२१ च्या शिफारशी हेच सांगतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या तर मुद्दाम घ्याव्यात अशा. जिवंत म्हणजे बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, एमआर (गोवर-रुबेला) किंवा एमएमआर, कांजिण्यांची. औषधं जोरात चालू असताना ह्या साधारणपणे टाळतात. जोरात म्हणजे किती, तर स्टेरॉइड वजनाच्या दर किलोला रोज २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम, दोन आठवडे किंवा जास्त, ही ढोबळ रेघ, शिवाय बायोलॉजिक. पण नुसतं कमी डोसचं मेथोट्रेक्सेट असेल तर एमएमआरचा बूस्टर आणि कांजिण्यांची लस ह्यांचा विचार करावा असं त्याच शिफारशींत आहे. आणि औषध अजून सुरूच झालेलं नसेल, चारेक आठवडे हातात असतील, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत लसीचं कार्ड दाखवा, कारण जिवंत लस आणि जड औषध ह्यांच्यात सहसा चार आठवडे सोडतात आणि ती वेळ एकदा गेली की वर्षं जातात. आमची गेली, पुढे येतेच.

कावासाकी (लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार) झालेल्या मुलांना आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज शिरेतून, देतात, त्यांचा नियम अजून निराळा, ११ महिने एमएमआर आणि कांजिण्यांची लस थांबवायची, कारण त्या बाटलीतल्या दुसऱ्यांच्या अँटिबॉडीज लस निकामी करतात. धोका म्हणून नाही, वाया जाते म्हणून. आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर सरसकट थेंब पाजतात, तिथे पोराला जड औषधं चालू असतील तर आधी सांगा, घरातल्या धाकट्याचे थेंबही डॉक्टरांना विचारून. बाकी धाकट्याच्या सगळ्या लसी वेळेवर द्यायच्या, त्याच हिच्या भिंती.

राहिलं ‘नैसर्गिक झालेला बरा’. दोन वर्षांपूर्वी चवथीला आम्ही डिचोलीच्या मूळ घरी होतो. माटोळीखाली सगळी पोरं एका चटईवर, एकाच ताटातल्या नेवऱ्या खात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याच्या पाठीवर पाण्याचे फोड. कांजिण्या अंगावर दिसायच्या एकदोन दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे मुलीला उचलून दुसऱ्या खोलीत नेण्यात काही अर्थ नव्हता तरी मी नेलं. तेव्हा ती मेथोट्रेक्सेटबरोबर स्टेरॉइडवर होती. लस झालेली नव्हती, सरकारी यादीत नाही, खाजगीत स्वस्त नाही, आणि आजार सुरू व्हायच्या आधी विचारलं तेव्हा एका डॉक्टरांनी ‘राहू दे, होऊन जातील’ म्हटलेलं. आरत्या चालू असताना मागच्या अंगणात जाऊन फोन केला, घुमटाच्या आवाजात निम्मं ऐकू येईना. संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून आठवडाभर ॲसायक्लोव्हिर, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूवरचं औषध, ठरलं. मी कॅलेंडरवर एकवीस दिवस पेन्सिलीने खोडले, रोज आंघोळीला तिचं पोट, पाठ, केसांतली कातडी बघत. ह्या औषधांवरच्या मुलांत कांजिण्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये उतरू शकतात, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. पुतण्या आठ दिवसांत शाळेत. तिला आल्या नाहीत, नशीब.

गोवरही तसाच, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे पसरला तेव्हा आमचे अर्धे नातेवाईक मुंबईहून येणारे, रेल्वेने रात्रीत इथे. आपल्या गोव्यात २०१७ च्या फेब्रुवारीत, देशातल्या पहिल्याच टप्प्यात एमआरची मोहीम झाली, पोरांना शाळेत टोचलं, त्याचा फायदा माझ्या मुलीसारख्यांना आज मिळतोय.

स्टेरॉइड सुटल्यावर रक्त तपासून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू असतानाच कांजिण्यांचे दोन डोस दिले, मध्ये तीन महिने सोडून. दोन्ही वेळा एक दिवस अंग कोमट, बाकी काही नाही. कार्डावर त्या लसीचा रकानाच नव्हता, नर्सबाईंनी मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने तारखा घालून दिल्या.