पस मॉथ म्हणून फिरणारं प्रत्येक विमान पस मॉथ नसतं

दर १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटांच्या १९३२ मधल्या पहिल्या टपाल उड्डाणाच्या पोस्ट सोशल मीडियावर सुरू होतात, आणि त्यातल्या काहींवर फोटो असतो लेपर्ड मॉथचा. १९३२ साली हे विमान अस्तित्वातच नव्हतं. ते पहिल्यांदा उडालं मे १९३३ मध्ये. कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला जेआरडी आले ते पस मॉथमधून, आणि पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. घोळ होतो तो १९८२ मुळे. सुवर्णमहोत्सवाला जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं, पण लेपर्ड मॉथमधून. त्या सोहळ्याच्या फोटोतला रंग काढला की तो बघणाऱ्याला पन्नास वर्षं जुना वाटतो.

दोन्ही विमानं डी हॅविलंड या एकाच ब्रिटिश कंपनीची, दोन्हींचा पंख वर, दोन्हींचं इंजिन उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली. मोजमाप काढून ओळखू म्हणाल तर पस मॉथच्या पंखांचा विस्तार ११.२ मीटर आणि लेपर्डचा ११.४. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत एवढा फरक मोजता येतो असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

बघायचं ते चाकांकडे. पस मॉथमध्ये चाकापासून निघणारा जाड, आच्छादित पाय सरळ वर जातो आणि पंखाच्या मुळाजवळ, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) वरच्या कडेला भिडतो. लेपर्डमध्ये तोच पाय पुढे झुकतो आणि इंजिनामागच्या भिंतीला, म्हणजे विंडस्क्रीनच्या पुढे, जोडलेला असतो. बाजूने काढलेल्या बहुतेक फोटोंत एवढ्यावर निकाल लागतो. चाकं गवतात किंवा माणसांच्या घोळक्यात लपली असतील तर पंख बघा: पस मॉथचा मुळापासून टोकाजवळपर्यंत सारख्याच रुंदीचा, लेपर्डचा टोकाकडे निमुळता. तेही दिसत नसेल तर केबिन. लेपर्डमध्ये पायलट पुढे मधोमध आणि मागे दोन प्रवासी शेजारी-शेजारी. पस मॉथमध्ये बैठका एकामागे एक, किंचित सरकवलेल्या. फोटो पस मॉथचाच असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. सुरुवातीच्या काही वर्षांत या विमानांचे पंख हवेत तुटून अपघात झाले, आणि मग पुढच्या स्ट्रटला, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीला, बळकटी देणारा एक छोटा जादा स्ट्रट लावला गेला. तो स्पष्ट दिसला तर फोटो त्या बदलानंतरचा.

फक्त शेपूट दिसतेय आणि लोक कॉमेंटमध्ये छातीठोक नाव सांगतायत, हा प्रकार मात्र कमालीचा वैतागवाणा आहे. त्याच कंपनीच्या, वर-खाली दुहेरी पंखांच्या फॉक्स मॉथला पंख, शेपूट आणि चाकांचा सांगाडा टायगर मॉथचाच लावलेला होता. नुसत्या शेपटीवरून या दोघांत फरक करता येत नाही, विषय संपला. पुढचा भाग दिसला तर एका नजरेत कळतं: फॉक्स मॉथमध्ये प्रवासी पुढच्या बंद केबिनमध्ये आणि पायलट त्यांच्या मागे, उघड्या कॉकपिटमध्ये. जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ यांच्यात बघायचं नाकाकडे. जिप्सी मॉथचं इंजिन सुलटं, सिलिंडरची डोकी वर बाहेर आलेली. टायगरचं उलटं, त्यामुळे नाकाची वरची रेघ साफ, आणि पंख मागे झुकलेले. तरी एक पाचर आहेच: मॉथ मेजरला उलटं इंजिन होतं आणि पंख सरळ. म्हणून इंजिन आणि पंख दोन्ही जुळल्याशिवाय ‘टायगर’ लिहू नये.

नोंदणी अक्षरांवर लोक फार विसंबतात. त्या काळच्या भारतीय नोंदणीतली व्ही, टी आणि ए ही तिन्ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात. निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढला असेल आणि अक्षरं अर्धवटच दिसत असतील तर चूक लक्षात येत नाही. अशा वेळी माणसांचे कपडे बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट असेल तर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवा आणि मगच पुढचा विचार करा.

रंगांबद्दल तर न बोललेलंच बरं, पण बोलावं लागतं. त्या काळी हौशी लोक बऱ्याचदा ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत. तिला लाल दिसत नाही, तो जवळजवळ काळा उमटतो, आणि निळा फिका पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल बराच उजळ येतो. म्हणजे एकच लाल-निळं गोल चिन्ह दोन फोटोंत अगदी वेगळं दिसू शकतं. कृष्णधवल फोटोला एआयने रंग भरून ‘विमान काळं होतं’ म्हणणाऱ्यांनी आधी फिल्म कोणती होती ते सांगावं. फोटो ‘शार्प’ करणारी ॲप्स त्याहून वाईट. ती अस्पष्ट अक्षरांच्या जागी नवी अक्षरं काढून देतात आणि ती खरी वाटतात.

घरातल्या पेटीत असा फोटो सापडला तर मोबाईलने तिरका फोटो काढू नका. प्रिंट असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआय, निगेटिव्ह असेल तर २४०० किंवा जास्त, आणि फाईल टिफमध्ये ठेवा. पाठीमागची बाजूही स्कॅन करा. तिथली पेन्सिल पुसली गेली असेल तर एका बाजूने तिरका उजेड टाकला की दाबाचे ठसे दिसतात. वर्तमानपत्रातल्या कात्रणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. छपाईच्या ठिपक्यांपेक्षा बारीक काहीच त्यात उरलेलं नसतं, कितीही मोठं केलंत तरी.

पार्श्वभूमीही कामाला येते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची आणि टाटांचा सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचा. तेव्हा टाटांच्या पस मॉथमागे टेकड्या दिसल्या म्हणून ‘हे भारतातलं नाहीच’ असा निष्कर्ष काढायची घाई नको.

मोठ्या विमानांचे घोळ त्यामानाने सोपे. एअर इंडियाच्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ या विमानाच्या १९५५ च्या घातपातावरच्या लेखांना सुपर कॉन्स्टेलेशनचा फोटो लावलेला आढळतो. ते विमान एल-७४९ए, म्हणजे आधीचं, साधं कॉन्स्टेलेशन होतं. खिडक्या बघा: ७४९ च्या गोल, सुपरच्या बहुतांश चौकोनी, शिवाय सुपर साडेपाच मीटरने लांब. गोव्याच्या जुन्या फोटोंतही सुपर कॉन्स्टेलेशन दिसतं आणि ते सरसकट टायपचं, म्हणजे पोर्तुगीज हिंदच्या विमान कंपनीचं, म्हणून खपवलं जातं. शेपटीजवळची अक्षरं वाचा. सीआर-आय असेल तर नोंदणी पोर्तुगीज हिंदची, सीएस-टी असेल तर थेट पोर्तुगालची. डिसेंबर १९६१ मध्ये दाबोळीत अडकलेलं आणि रात्रीतून कराचीला निसटलेलं सुपर कॉन्स्टेलेशन टॅपचं, म्हणजे लिस्बनच्या कंपनीचं होतं.