'डिसाइड'मध्ये कोणाचाही खून होत नाही

एक मजकूर सारखा फिरत येतो. त्यात म्हटलेले असते: 'डिसाइड' हा शब्द 'होमिसाइड', 'सुसाइड' यांच्याच कुळातला, 'साइड' म्हणजे ठार मारणे. तेव्हा निर्णय घेतला की उरलेले पर्याय मेले, त्यांच्याकडे पुन्हा बघायचे नाही.

कूळ एक आहे, एवढे खरे. मुळाशी 'काएदेरे' हे लॅटिन क्रियापद आहे. पण त्याचा अर्थ तोडणे, कापणे, घाव घालणे असा आहे आणि ठार मारणे ही त्याचीच एक छटा. 'कन्साइज', 'प्रिसाइज', समोरच्या दातांचे नाव 'इन्सायझर' हे सगळे तिथूनच आले. 'सिमेंट'सुद्धा, कारण 'काएमेंतुम' म्हणजे फोडलेल्या दगडाचे तुकडे. यात कोण मेले?

शब्दाची घडण पाहिली तर दावा आणखी लंगडा पडतो. 'होमिसाइड'मध्ये आधी माणूस येतो, 'इन्सेक्टिसाइड'मध्ये कीटक; म्हणजे कोण मरणार ते पहिल्या भागातच सांगितलेले असते. 'डिसाइड'मधला 'डि' हा नुसता उपसर्ग आहे: पासून, वेगळे. मरणारा कोणी त्यात नाहीच.

मग तोडायचे काय? माझ्या मते मजकूर सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. लॅटिनमध्येच या शब्दाला 'प्रकरण मिटवणे' हा अर्थ आला होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तोही वाद मिटवणे, निवाडा देणे याच अर्थाने. तुटायचा तो वाद. अनेकांतून एक निवडणे, मनाशी ठरवणे हा आजचा रोजचा अर्थ बऱ्याच नंतरचा. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपणही 'एक घाव दोन तुकडे' म्हणतो. 'फैसला' ज्या अरबी धातूपासून आला त्याचा अर्थही वेगळे करणे असाच आहे. 'निर्णय'मध्ये तर पातेच नाही, तिथे 'नी' म्हणजे नेणे हा धातू आहे.

आणि समजा मुळात मारणे असतेच, तरी शब्दाचे मूळ म्हणजे वागण्याचा नियम नव्हे. चुकलेली वाट धरून बसलेल्या माणसाला असला मजकूर पाठवला जातो, याचा मला खरोखर त्रास होतो. न्यायालयाने 'डिसाइड' केलेल्या खटल्यावरही अपील करता येते.