घटना समितीत बाबासाहेब ‘नावापुरते’ होते म्हणे!

२६ नोव्हेंबर जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. एरवी दुर्लक्ष केलं असतं, पण यंदा तो भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरला, आणि तोही ‘अभ्यासातून समोर आलेलं सत्य’ म्हणून. मेसेजचा सारांश असा: घटना लिहिली प्रेमबिहारी रायजादांनी. मसुदा होता बी. एन. राव यांचा. उरलेलं ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातून उचललं. आंबेडकर मसुदा समितीचे नावापुरते अध्यक्ष, सभागृहात त्यांचं काही योगदान नाही. आणि शेवटी त्यांनीच राज्यसभेत ‘ही घटना मी जाळीन’ अशी कबुली दिली.

रायजादांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ते सुलेखनकार. मंजूर झालेल्या इंग्रजी मजकुराची देखणी हस्तलिखित प्रत त्यांनी केली, पानं नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. हिंदी प्रतीचं सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांचं. सदस्यांनी या प्रतींवर सह्या केल्या २४ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे घटना मंजूर होऊन दोन महिने होत आले तेव्हा. लग्नपत्रिका ज्याने छापली त्यालाच नवरदेव समजण्यासारखं आहे हे.

१९३५चा कायदा: हो, बराच भाग तिथून आला आहे. हा काही कुणी लावलेला शोध नाही. मसुदा मांडतानाच, ४ नोव्हेंबर १९४८ला, आंबेडकरांनी हे सभागृहात सांगितलं, त्याबद्दल आपण माफी मागत नाही असंही बजावलं, आणि घेतलेला भाग मुख्यतः प्रशासनाच्या तपशिलाचा आहे हे स्पष्ट केलं. मूलभूत हक्क १९३५च्या कायद्यात कुठे सापडतात ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.

राव यांच्याबाबत मात्र अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. बेनेगल नरसिंह राव घटना समितीचे सल्लागार होते आणि पहिला कच्चा मसुदा त्यांचाच, ऑक्टोबर १९४७चा, २४३ कलमं आणि १३ परिशिष्टांचा. हेही सभागृहात सांगितलं ते आंबेडकरांनीच. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी हे आकडे दिले, राव यांना श्रेय दिलं, आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचा आहे असं सांगितलं. मेसेजवाले यातलं राव यांचं नाव तेवढं उचलतात. मसुदा समितीने त्याच मसुद्याची ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं केली, आणि शेवटी ३९५ कलमं झाली, हा त्याच भाषणातला पुढचा भाग गाळतात.

आणि एक साधी गोष्ट. राव घटना समितीचे सदस्यच नव्हते. त्यांना सभागृहात बोलता येत नव्हतं, दुरुस्ती मांडता येत नव्हती, मत देता येत नव्हतं. मग त्या मसुद्यावर हल्ले झाले तेव्हा उत्तर कोण देत होतं?

‘सभागृहात योगदान नाही’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात हास्यास्पद. काम कसं चालायचं ते बघा. सदस्य दुरुस्तीची सूचना देत, ती क्रमांकासह यादीत छापली जाई. कलम चर्चेला आलं की सभेचे अध्यक्ष क्रमांक पुकारत. सदस्य ती मांडे किंवा सोडून देई. सूचना आल्या सुमारे ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. चर्चेच्या शेवटी उत्तराला बहुतेक वेळा आंबेडकर उभे राहत: ही स्वीकारतो, ही नाही, आणि का नाही. मग मतदान. समोर एच. व्ही. कामत, के. टी. शहा, नझीरुद्दीन अहमद, ठाकूरदास भार्गव यांच्यासारखी मंडळी, एक स्वल्पविराम सुटू न देणारी.

नमुना म्हणून ३० नोव्हेंबर १९४८ची चर्चा वाचा. विषय नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा, आक्षेप ‘मागास’ कोण याचा. आंबेडकरांनी आधी सभागृहातल्या तीन भूमिका मांडल्या: सर्वांना समान संधी हवी, ती खरी द्यायची तर कुणासाठीच आरक्षण नको, आणि आजवर प्रशासनाबाहेर राहिलेल्या समाजांना तर आत यायची वाट हवी. मग हिशेब मांडला. समजा आरक्षण ७० टक्के जागांवर गेलं आणि खुल्या ३० उरल्या, तर समान संधीचं तत्त्व शिल्लक राहिलं असं कुणी म्हणेल का? म्हणून आरक्षण अल्पसंख्य जागांपुरतं हवं. १९९२च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच भाषण उद्धृत केलं, आणि त्याच निकालातल्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर २०२१ साली मराठा आरक्षणाचा कायदा अडकला. हे म्हणे योगदान नसलेल्या माणसाचं भाषण.

कुठे ते अडखळलेही. आजच्या कलम २१मधून, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून, अमेरिकी धर्तीची ‘ड्यू प्रोसेस’ ही शब्दयोजना (कायदा मुळात न्याय्य आहे का हे तपासण्याची न्यायालयाला मुभा देणारी) गळली. राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते, त्यांचा सल्ला वगळण्याचा होता. १३ डिसेंबर १९४८ला आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या, आपण अडचणीत आहोत हे कबूल केलं आणि निर्णय सभागृहावर सोडला. ‘ड्यू प्रोसेस’ घालण्याच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. पण १५ सप्टेंबर १९४९ला भरपाई म्हणून त्यांनीच नवं कलम आणलं: अटकेचं कारण सांगणं, वकील मिळणं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं. आजचं कलम २२. सल्ला रावांचा आणि सभागृहातली जबाबदारी आंबेडकरांची, ही विभागणी इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

हे वाद शोधताना हमखास एक घोळ होतो. चर्चेतले क्रमांक मसुद्यातले आहेत, आजचे नव्हेत. आजचं १६ तिथे १०, आजचं २१ तिथे १५, आजचं ३२ (हक्क डावलला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचं) तिथे २५. ‘कलम ३२’ म्हणून शोधलंत तर कामाच्या हक्काची चर्चा हाती लागेल आणि ‘आंबेडकर घटनात्मक उपायांवर बोललेच नाहीत’ असा नवा मेसेज तयार होईल. ९ डिसेंबर १९४८ला त्यांनी घटनेचा आत्मा म्हटलं ते कलम मसुद्यातलं २५.

आपल्या बाजूचे लोकही चोख नाहीत, हे सांगून टाकतो. टी. टी. कृष्णम्माचारींचं ५ नोव्हेंबर १९४८चं भाषण (मसुदा समितीतल्या एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभाराच्या कामात, भार आंबेडकरांवर पडला) ‘एकट्यानेच लिहिली’ म्हणून फिरवलं जातं. त्याच भाषणात मसुद्याकडे समितीने पुरेसं लक्ष दिलं नाही अशी तक्रारही आहे, ती कापतात. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे सभागृहात गोंधळ टळला, हेही आंबेडकरांनीच नोंदवलं आहे.

आता ‘जाळीन’. हो, म्हणाले. २ सप्टेंबर १९५३, राज्यसभा, आंध्र राज्य विधेयक. घटना तुम्हीच केलीत असं ऐकवलं गेल्यावर ते भडकले: सांगितलं ते मी केलं, पुष्कळसं मनाविरुद्ध, ती जाळणारा पहिला मी असेन. पण मेसेज इथे थांबतो, भाषण थांबत नाही. मुद्दा अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा, त्यासाठी राज्यपालांना अधिकार देण्याचा होता. बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत, आणि ‘तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धक्का बसेल’ असं म्हणून त्यांना डावलता येणार नाही, हे लगेच पुढे आहे.

पुढचा भाग १९ मार्च १९५५चा, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेतला. एका सदस्याने ‘जाळण्या’ची आठवण करून दिली. आंबेडकर म्हणाले, तेव्हा घाईत कारण सांगायचं राहिलं, आता सांगतो: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसायच्या आत सैतानाने ते बळकावलं, तर देऊळ पाडण्याखेरीज काय करणार? कुणीतरी म्हणालं, देऊळ कशाला, सैतानालाच मारा. त्यावर त्यांनी शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ काढला: तेवढं बळ आपल्यात नाही, देव असुरांकडून नेहमी हरतच आलेत. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंड १५ मध्ये संसदेतली ही भाषणं आहेत, घटना समितीतली खंड १३ मध्ये. भाचीला दोन्ही दिलेत. भाषण ती नव्याने लिहितेय.