'जेट पंप मारला की झालं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार साहेब. एअर कूल्ड चिलरच्या (मोठ्या बिल्डिंगच्या एसीचं पाणी थंड करून उष्णता हवेत टाकणारं मशीन) मेन्टेनन्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही कमेंट टाकलीत, नाव काही लिहिलं नाहीत म्हणून नुसतं साहेब म्हणतोय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची कमेंट जशीच्या तशी देतो: "सर सगळं पुस्तकी आहे. साइटवर जेट पंप मारला की अर्ध्या तासात कॉइल चकाचक, आतून मारा नाहीतर बाहेरून, काय फरक पडतो. लॉगबुक कोण वाचतं. टर्मिनल टाइट करायला एएमसीवाले आहेत. दर महिन्याला कॉइल धुवायला माणसं आणि पाणी कुठून आणायचं ते पण सांगा. एसी केबिनमध्ये बसून लिहायला काय जातं."

नवीन वाचकांसाठी: जेट पंप म्हणजे जोरात पाणी मारायचा पंप, कॉइल म्हणजे चिलरच्या कंडेन्सरची, गरम गॅसची उष्णता बाहेरच्या हवेला देणारी, ट्यूब आणि पातळ फिन्सची जाळी, टर्मिनल म्हणजे वायरचे जोड आणि एएमसीवाले म्हणजे वार्षिक मेन्टेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट घेतलेले. आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलतो, कारण ते मला लागलं. मतभेद असू द्या, पण समोरचा माणूस कोण, कुठून आलाय हे माहीत नसताना असं कसं लिहवतं तुम्हाला? मी आयटीआयला आरएसी (रेफ्रिजरेशन-एसी) ट्रेड करून हेल्पर म्हणून लागलो. मे महिन्यात दुपारी गच्चीवर चिलरच्या दोन कॉइलच्या मधल्या बोळात आडवं शिरून फिन कोंबने (कंगव्यासारखं अवजार) एकेक फिन सरळ करायचं काम माझ्याकडे असायचं, तिथे कंडेन्सरची गरम हवा आणि खालून तापलेला कोबा, अंगावरचा शर्ट घामाने ओला होऊन तिथेच वाळायचा. केबिन मला खूप उशिरा मिळाली आणि आजही ब्रेकडाउन आला की मी वरच असतो. तेव्हा 'पुस्तकी' हा शब्द निदान माझ्यासाठी वापरू नका, ही विनंती आहे.

एक गोष्ट मान्य करतो. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या बिल्डिंगमध्ये दर महिन्याला कॉइल धुवायला पाणी मागितलं तर सोसायटीवाले अंगावर येतात, हे खरंय, आणि एकच ऑपरेटर असलेल्या छोट्या साइटला ते जमणारही नाही. मोकळ्या, स्वच्छ जागेतल्या मशीनला दर महिन्याची गरजही नसते. झालं? आता 'आतून मारा नाहीतर बाहेरून' याच्याकडे येऊ, कारण हे वाक्य वाचून एखाद्या नवीन पोराने उद्या पंप उचलला तर नुकसान त्याच्या साइटचं होणार, तुमचं नाही.

कंडेन्सरचे फॅन वर बसलेले असतात, ते बाहेरची हवा कॉइलमधून आत ओढतात आणि वर फेकतात. म्हणजे धूळ, कबुतरांची पिसं, एप्रिलमध्ये उडणारा सावरीचा कापूस, शेजारच्या बांधकामाची सिमेंटची पूड, सगळं कॉइलच्या बाहेरच्या तोंडावर येऊन चिकटतं. तुम्ही बाहेरून जोरात पाणी मारलंत की वरचा थर निघतो, कॉइल चकचकीत दिसते, मान्य, पण बाकीचा गाळ जातो कुठे? तो आतल्या ट्यूबच्या ओळींमध्ये जाऊन बसतो आणि तिथे सिमेंट असलं तर पाणी लागून घट्ट होतो, मग तो ब्रशने निघत नाही की पाण्याने. म्हणून आधी कोरडं असतानाच मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम, उभ्या फिन्सना उभाच हात, आणि मग पॅनल उघडून आतून बाहेर साधं नळाच्या प्रेशरचं पाणी, फिन्सच्या सरळ समोरून, तिरकं नाही. अर्थात त्याआधी मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करून लॉक लावायचं आणि फॅन थांबलेत हे डोळ्यांनी बघायचं.

आणि प्रेशरचं म्हणाल तर गाडी धुवायच्या साध्या पंपाचं प्रेशरसुद्धा बऱ्याचदा शंभर बारच्या वर असतं. फिनची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, तीही ॲल्युमिनियमची, ती शंभर बारला उभी राहील असं तुम्हाला खरंच वाटतं का? ती झोपते. झोपलेली फिन शेजारच्या फिनवर पडते आणि हवेची वाट बंद. मायक्रोचॅनल (बारीक वाटांच्या चपट्या ट्यूबची) कॉइल असेल तर आणखी जपायचं, ती सगळीच ॲल्युमिनियमची, तिला ॲसिडवालं किंवा कडक अल्कलीवालं क्लीनर लावलं की धातूच खाल्ला जातो, लीक सुरू झाला की साइटवर ब्रेझिंग (झाळकाम) करून भागत नाही, बहुतेक वेळा कॉइलचा पूर्ण स्लॅब बदलावा लागतो. त्याचं कोटेशन कधी हातात घेतलंयत का तुम्ही?

तुम्हाला उदाहरण हवं असेल तर एका हॉस्पिटलचं सांगतो, नाव लिहीत नाही. मे महिना, दुपारी दोन-अडीच वाजले की मशीनचं एक सर्किट एचपीवर (हाय प्रेशरवर) ट्रिप. कॉइल बाहेरून अगदी स्वच्छ, कारण आठवड्यापूर्वीच जेट मारलेला. त्यामुळे आधी आलेल्या टेक्निशियनने निदान काय केलं तर गॅस जास्त झालाय, आणि काढला थोडा. ट्रिप कमी झाली म्हणून सगळे खूश. मी गेलो तेव्हा कॉइलच्या तोंडाशी हवा ३६ डिग्री आणि गेजवर आर-१३४ए गॅसचं जवळपास १४ बार, म्हणजे कंडेन्सिंग (गॅसचं द्रव होण्याचं टेम्परेचर) ५५च्या घरात, १९ डिग्रीचा फरक. त्या मशीनला फुल लोडवर हा फरक १२च्या आसपास असायला हवा होता, म्हणजे प्रेशर साडेअकरा बार. संध्याकाळी मशीन बंद करून पॅनल उघडलं, आत टॉर्च धरला आणि हेल्परला बाहेर उभं केलं. चांगल्या कॉइलमधून उजेड सगळीकडून सारखा येतो, इथे नुसते ठिपके, आणि खालच्या अर्ध्या भागात जिथे जेट जवळून मारला होता तिथे पूर्ण अंधार. फिन्स तिथे एका बाजूला लोळवल्यासारख्या पडलेल्या. कोंबने जेवढ्या उठल्या तेवढ्या उठवल्या, आतून बाहेर धुतलं, पाणी आधी काळं, मग राखाडी, बराच वेळ स्वच्छ येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रिप होणं थांबलं, पण काढलेल्या गॅसमुळे सबकूलिंग (द्रव झालेल्या गॅसचं आणखी थंड होणं) मिळेना, मग वजन करून गॅस पुन्हा भरावा लागला, तो खर्च वेगळा. या काळात ओटीचं टेम्परेचर सांभाळताना तिथल्या ऑपरेटरची काय हालत झाली ती मी बघितलीय. अर्ध्या तासात चकाचक म्हणताय ना, ते हे चकाचक.

आणि ट्रिप झाली नाही तरी बिल चालूच असतं. कंडेन्सिंग एक डिग्री वर गेलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्के वाढते. सात डिग्री वर चाललेलं मशीन उन्हाळाभर किती खातं ते तुमचं तुम्ही काढा.

लॉगबुक आणि टर्मिनलचं मी इथे उगाळत बसत नाही, लेखात लिहिलंय, पुन्हा वाचा. लॉगबुक कोणी वाचत नाही हा लॉगबुकचा दोष नाही आणि एएमसीवाला येतो तेव्हा तुमचा माणूस त्याच्यासोबत उभा नसेल तर त्याने काय टाइट केलं हे तुम्हाला कळणारही नाही. एवढंच.

महिन्याला धुवायचं की तीन महिन्यांनी यावरून मला भांडायचं नाही. तुम्ही एक करा. उद्या दुपारी तीन वाजता, मशीन पूर्ण लोडवर असताना, कॉइलच्या तोंडाशी हवेचं टेम्परेचर घ्या, मोबाईलवरच्या हवामानाचं नाही, कारण गच्चीवर भिंत जवळ असली की मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. त्याच वेळी डिस्चार्ज प्रेशर आणि गॅस कोणता ते लिहून घ्या. मग आतून टॉर्च लावून कॉइलचा फोटो काढा, अर्थात मशीन बंद करून. हे तिन्ही इथे कमेंटमध्ये टाका, या वेळी नावासकट, आणि मग आपण तुमच्या जेट पंपाबद्दल बोलू.