‘जुना रिसीव्हरच खरा’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरविषयी, म्हणजे रेडिओचा ट्यूनर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेल्या यंत्राविषयी, एक दावा सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : १९७० च्या दशकातील रिसीव्हर आजच्या कोणत्याही ॲम्प्लिफायरपेक्षा सरस आहे, कारण त्याचे वॅट खरे होते, त्याचा आवाज उबदार आहे, त्याचे वजनच त्याच्या दर्जाची साक्ष देते आणि तो कायमचा टिकेल असा बांधलेला आहे, तेव्हा तो आणावा, प्लग लावावा आणि ऐकत बसावे. मी स्वतः अशाच एका रिसीव्हरवर संगीत ऐकतो आणि तो बदलण्याचा माझा मुळीच विचार नाही. तरीही या दाव्यातील बहुतेक विधाने अर्धवट आहेत आणि शेवटचे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

आधी वॅट. १९६० च्या दशकात आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींत शक्तीचे आकडे वाटेल तसे छापले जात. क्षणभर मिळणारी कमाल शक्ती सांगायची, दोन्ही चॅनेलची बेरीज करायची, विरूपण (मूळ आवाजात यंत्रामुळे होणारा बिघाड) किती याचा उल्लेखच टाळायचा, असे प्रकार सर्रास चालत. या गोंधळाला आळा घालण्यासाठीच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १९७४ मध्ये आला : सांगितलेली शक्ती सलग मिळणारी आणि दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजलेली असावी, सोबत वारंवारतेचा पल्ला आणि विरूपण नमूद असावे, आणि मोजणीपूर्वी यंत्र एक-तृतीयांश शक्तीवर तासभर तापवलेले असावे. पायोनियरच्या १९७८ च्या एसएक्स-१९८० या रिसीव्हरचा ८ ओहमवर दर चॅनेलला २७० वॅट हा आकडा या नियमानंतरचा आहे. म्हणजे ‘जुने वॅट खरे’ हे म्हणणे त्या दशकाच्या उत्तरार्धापुरते मान्य करता येईल, पण ते खरे झाले ते त्याआधीच्या जुन्या वॅटांच्या खोटेपणामुळे. आजच्या बहुचॅनेल यंत्रांचे आकडे अनेकदा दोनच चॅनेल चालवून, एकाच वारंवारतेवर, ढिल्या विरूपणाला काढलेले असतात, ही तक्रार रास्त आहे. मात्र दोन चॅनेलच्या चांगल्या आधुनिक ॲम्प्लिफायरवर तोच आरोप लादता येत नाही.

याच मुद्द्याला एक गमतीचे उपांग आहे. ‘व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम पाव फिरवला तरी खोली भरून जाते, एवढी याची ताकद’, असे कौतुकाने सांगितले जाते. त्या काळच्या रिसीव्हरच्या ऑक्झिलरी इनपुटला (बाहेरचे यंत्र जोडण्याच्या जागेला) पूर्ण शक्ती देण्यासाठी साधारण १५० मिलिव्होल्ट पुरत असत, आणि आजचे सीडी प्लेअर किंवा डिजिटल कन्व्हर्टर कमाल पातळीला सुमारे २ व्होल्ट देतात. हा फरक २२ डेसिबलच्या आसपास जातो. नॉब लवकर ‘भरतो’ तो या फरकामुळे. राखीव शक्तीचे ते लक्षण नाही. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरवर घरगुती ऐकण्याचा बराचसा वेळ एक वॅटच्या आतच जातो.

आता उबदारपणाविषयी. हा शब्द बहुधा व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, यंत्रांवरून उसना घेतलेला असावा; १९७० च्या दशकातील रिसीव्हर जवळजवळ सगळे ट्रान्झिस्टरचे होते आणि त्यांच्या रचनाकारांना सरळ, सपाट प्रतिसादच हवा होता. जुने झालेले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) आवाज मऊ करतात, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात संकेताच्या (सिग्नलच्या) वाटेवरच्या कपॅसिटरची धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, घटली की खालचे स्वर कापले जातात, म्हणजे परिणाम नेमका उलटा होतो. मग जे ऐकू येते ते कोठून येते? पहिला संशयित म्हणजे लाउडनेसचे बटण. कमी पातळीवर आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. ती तूट भरून काढण्यासाठी हे बटण बास उचलते, आणि बहुतेक घरांत ते कायमचे दाबलेले असते. दुसरे कारण एफएमचे. अमेरिकेसाठी बनलेल्या ट्यूनरमध्ये डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम उचललेले वरचे स्वर पुन्हा खाली आणणारी जुळणी) ७५ मायक्रोसेकंदांचा असतो, तर जगाच्या बऱ्याच भागांत प्रसारण ५० मायक्रोसेकंदांना धरून होते. असा ट्यूनर तेथे लावला की १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबलची घट येते आणि ऐकणारा तिलाच मखमली आवाज म्हणतो. ज्याला खरोखर तुलना करायची असेल त्याने लाउडनेस बंद करावा, टोनचे नॉब मध्यावर आणावेत आणि दोन्ही यंत्रांची पातळी स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून जुळवावी, कारण एका डेसिबलहून कमी फरकसुद्धा ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. एवढे केल्यावर सुस्थितीतील दोन यंत्रांतला फरक पुष्कळदा चकित करण्याइतका लहान उरतो. लाउडनेस लावून ऐकण्यात काही वावगे आहे असे मात्र मी म्हणत नाही. मीही रात्री तो लावतोच.

वजनाचा मुद्दा थोडक्यात संपतो. वजन प्रामुख्याने ट्रान्सफॉर्मर आणि उष्णताशोषक पट्ट्यांचे असते. स्विचिंग वीजपुरवठा आणि क्लास-डी रचना (दोन्हींत ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद होतात) यांमुळे आज तेवढ्याच शक्तीला तेवढे लोखंड आणि ॲल्युमिनियम लागत नाही.

टिकाऊपणाचा दावा मात्र सविस्तर तपासला पाहिजे, कारण त्यात खरे आणि खोटे एकमेकांत मिसळलेले आहे. आज आपल्याला दिसतात ते टिकून राहिलेले रिसीव्हर. भंगारात गेलेले मोजायला कोणी उरलेले नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव हळूहळू सुकतो आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. व्हॉल्यूमचे नॉब आणि स्विच गंज धरून खरखरतात, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे संपर्क काळे पडून एक चॅनेल अधूनमधून गायब होतो, डायलचे दिवे जातात. यांपैकी बरेच काही साफसफाईने किंवा एखादा सुटा भाग बदलून सुधारते, आणि येथे दाव्याची बाजू भक्कम आहे : सुटे ट्रान्झिस्टर, रुंद मांडणीचे बोर्ड आणि संपूर्ण सर्किट दाखवणारी सर्व्हिस मॅन्युअल यांमुळे हे रिसीव्हर दुरुस्त करता येतात, तर आजच्या यंत्रातला डिजिटल बोर्ड गेला की अनेकदा सगळे यंत्रच टाकून द्यावे लागते. पण हाही नियम सरसकट नाही. त्या काळातल्या काही रिसीव्हरांत आउटपुटला सान्योचे एसटीके मालिकेतील बंद मॉड्यूल (अनेक भाग एकाच सीलबंद तुकड्यात) होते. त्यांतील बरेच आता बनत नाहीत आणि बाजारात नकली माल पुष्कळ आहे. दुरुस्त होण्याजोगा असणे आणि आपोआप टिकणे यांत जे अंतर आहे, ते कोणाच्या तरी श्रमाने भरावे लागते. उत्साहाच्या भरात दिसेल तो कपॅसिटर बदलत सुटणाऱ्यांनी बोर्डावरचे तांबे उखडून चांगले चालणारे रिसीव्हरही घालवले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

राहिला ‘प्लग लावा आणि ऐका’ हा सल्ला. जपानच्या १०० व्होल्टसाठी किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी बनलेले यंत्र २३० व्होल्टला थेट जोडले तर ते जाईलच. मागची पाटी वाचून, गरज असेल तेथे पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. व्होल्टेज बरोबर असले तरी वर्षानुवर्षे बंद राहिलेला रिसीव्हर पहिल्यांदा सुरू करताना जाणकार तंत्रज्ञ वीजपुरवठ्याच्या वाटेत जुन्या पद्धतीचा तारेचा (फिलामेंटचा) दिवा ओळीत जोडतात. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचते. त्यानंतर स्पीकर न जोडता त्यांच्या टोकांवरचे डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मोजक्या मिलिव्होल्टचे असेल तर ठीक. ५० च्या पुढे स्थिर राहत असेल तर कारण शोधेपर्यंत स्पीकर लांबच ठेवावेत. आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस (संगीत नसतानाही वाहणारा स्थिर प्रवाह) ठरवणारा छोटा प्रीसेट (जुळवणीचा फिरता रेझिस्टर) गंजून त्याचा संपर्क सुटला, तर काही रचनांत प्रवाह अनावर होऊन ते ट्रान्झिस्टर जळतात, म्हणून तोही तपासून घ्यावा. झाकण उघडणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : प्लग काढल्यानंतरही फिल्टरचे मोठे कपॅसिटर बराच वेळ भारित राहू शकतात, तेव्हा ते रोधकातून (रेझिस्टरमधून) रिकामे करून, मीटरने खात्री झाल्याशिवाय आत हात घालू नये.