कैदी लस नाकारतात ते अडाणी म्हणून? एका फॉरवर्डची झाडाझडती

लसीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. गोषवारा असा: ‘तुरुंगातले लोक लस नाकारतात ते अडाणीपणामुळे. समजावण्यात वेळ घालवू नका. एक तर सक्ती करा, नाही तर शिक्षेत सूट देऊन मोकळे व्हा. तरीही घेतली नाही तर त्यांचं नशीब. भिंतीआडचा रोग भिंतीआडच राहतो.’ वाचताना रोखठोक वाटतं. एकेक दावा तपासला की त्यातला एकही जसाच्या तसा टिकत नाही.

‘अडाणीपणामुळे नाकारतात.’ 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, म्हणजे बहुतेकांसाठी कोविडची लस अजून यायची होती तेव्हा, अमेरिकेतल्या चार राज्यांत 5,110 बंद्यांना विचारलं गेलं की लस मिळाली तर घ्याल का. 44.9 टक्के हो म्हणाले, 45.6 टक्के नाही, बाकीचे कुंपणावर. कुंपणावरच्यांचं सर्वात मोठं कारण होतं, आधी आणखी माहिती हवी. नाही म्हणणाऱ्यांचं सर्वात मोठं कारण अविश्वास: आरोग्य यंत्रणेवर, तुरुंगावर, सरकारवर.

हा अविश्वास हवेतून आलेला नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 पासून 1974 पर्यंत कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालले. काहींवर डायऑक्सिनसारखं विषारी रसायन वापरलं गेलं. शहराने रीतसर माफी मागितली ती 2022 मध्ये. हे जुनं म्हणून सोडून द्यायचं, तर कॅलिफोर्नियाच्या महिला तुरुंगांचं काय? 2014 च्या सरकारी लेखापरीक्षणात आढळलं की आठेक वर्षांत 144 बंदी महिलांची नसबंदी झाली होती, आणि त्यातल्या 39 जणींच्या संमतीची प्रक्रिया सदोष होती. अशा ठिकाणी ‘हे तुझ्या भल्यासाठी आहे’ असं म्हणत कुणी सुई पुढे केली, तर दोन प्रश्न विचारणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणेन.

शिवाय कितीतरी कारणं निव्वळ रोजच्या जगण्यातली असतात. लसीनंतर रात्री ताप चढला तर बराकीत गोळी कोण देणार? आजारी दिसलो तर वेगळं ठेवण्याच्या नावाखाली शिक्षेच्या कोठडीत टाकतील का? कोविडच्या काळात ही भीती खरी होती; ती कोठडी टाळण्यासाठी लक्षणं लपवणारेही होते. लस द्यायची पद्धतही पाहा. रांग, शेजारी उभा पहारेकरी, हातात सहीचा कागद, विचार करायला अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटातला ‘नको’ हा लसीबद्दलचा निर्णय असतोच असं नाही.

‘समजावण्यात वेळ घालवू नका.’ कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांत 2021 च्या सुरुवातीला लस देऊ केलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी ती घेतली. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची: आधी नाही म्हणालेल्यांपैकी ज्यांना पुन्हा विचारलं, त्यातल्या जवळपास निम्म्यांनी नंतर घेतली. माणसं तीच, लसही तीच. पण एखाद्या तुरुंगात एकदा ‘नकार’ असा शिक्का बसला की फाइल बंद होते, आणि मग ‘यांना कितीही सांगा’ म्हणायला आपण मोकळे.

सांगतो कोण, यानेही खूप फरक पडतो. कोठडीची झडती घेणाराच लसीचे फायदे सांगू लागला तर ऐकणारा आधी गणवेश पाहतो. बाहेरून आलेला डॉक्टर, प्रशिक्षण घेतलेला सहबंदी, फोनवरची आई किंवा बायको यांचं बोलणं वेगळं पोचतं. आणि कर्मचाऱ्यांनीच लस टाळली असेल तर ते बराकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. भिंतीवरचं पोस्टर त्यापुढे काय करणार?

‘सक्ती करा.’ संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: कैद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा, आणि उपचारांत त्याची माहितीपूर्ण संमती. नियम बाजूला ठेवले तरी व्यवहार उरतोच. आज जबरदस्तीने टोचलेला माणूस उद्या खोकला लागला तर दवाखान्याची पायरी चढेल का?

‘शिक्षेत सूट द्या.’ हा दावा मला इतरांइतका सरळसोट वाटत नाही. 2021 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने लस घेणाऱ्यांना शिक्षेत पाच दिवसांची सवलत देऊ केली होती; पाच दिवसांसाठी कुणी आपलं मन मोडतं असं म्हणणं जड जाईल. पण आमिष वाढलं की चित्र बदलतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाचे प्रयोग झाले. त्यानंतर इलिनॉयच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या समितीनेच 1948 मध्ये नोंदवलं की शिक्षेतली अवाजवी सूट हा गैर दबाव ठरू शकतो. त्यात एक धोका आणखी आहे: भलंमोठं बक्षीस दिसलं की आधीच साशंक असलेला माणूस विचारतो, ‘एवढं देतायत, म्हणजे यात काहीतरी आहे.’

‘भिंतीआडचा रोग भिंतीआडच राहतो.’ 2020 च्या मे अखेरीस कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या तुरुंगातून सुमारे 120 कैदी त्याच राज्यातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात हलवले गेले. पुढे तिथे दोन हजारांहून जास्त लोकांना कोविड झाला. 28 कैदी दगावले, आणि एक अधिकारीही. पहारेकरी रोज घरी जातात. वकील, नातेवाईक येतात-जातात. खटला चालू असलेले काही जण तर काही दिवसांत सुटतात.

या सुटण्याचाच एक उपप्रश्न त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या लसीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांवर पसरलेले असतात, आणि पहिल्या डोसला ‘हो’ म्हणालेला माणूस कित्येकदा दुसऱ्याच्या आधीच बाहेर पडलेला असतो. म्हणून इंग्लंडच्या तुरुंगांत शून्य, सात आणि एकविसाव्या दिवशी डोस देऊन वर्षाने चौथा द्यायचं वेळापत्रक वापरलं जातं. तो चौथा डोस बहुधा बाहेरच घ्यावा लागतो, त्यामुळे सुटताना लसीची नोंद कैद्याच्या हातात द्यावी लागते. ती न देता पाठवलं आणि डोस राहिला, तर त्याला कैद्याचा नकार म्हणता येणार नाही.