‘पीए म्हणजे शिकलेला कंपाउंडर’ : फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा : ‘मोठ्या हॉस्पिटलांत पांढरा कोट घालून फिरणारे फिजिशियन असिस्टंट (पीए) हे डॉक्टर नसून शिकलेले कंपाउंडर असतात, त्यांना कायद्याची मान्यता नाही, ब्रिटनने त्यांच्यावर बंदी घातली, डॉक्टरांचा पगार वाचवण्यासाठी त्यांना ठेवतात, उद्या हेच गावोगाव दवाखाने थाटतील, म्हणून पीए तपासायला आला तर हात लावू देऊ नका.’ मी नाशिकमध्येच एका रुग्णालयाच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात फिजिशियन असिस्टंट आहे. हा संदेश मला माझ्या मावशीने पाठवला आणि खाली विचारले, ‘हे तुमच्याबद्दलच आहे का गं?’ दिंडोरी रोडवर राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या गावात हा संदेश विनाशंका पुढे पाठवला जातो, याचे मला वाईट वाटले. पण मावशीला उत्तर देणे भागच होते.

आम्ही डॉक्टर नाही, हे संदेशातले पहिले वाक्य खरे आहे आणि ते मी कोणाहीपुढे मान्य करते. ‘कंपाउंडर’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात औषधांची मिश्रणे करून बाटलीवर खुणेची पट्टी चिकटवून देणारा माणूस. फिजिशियन असिस्टंटचा पदवी अभ्यासक्रम बारावी विज्ञानानंतर चार वर्षांचा असतो, त्यात शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे. नाव गैरसोयीचे आहे, हेही कबूल करते, कारण पीए म्हटले की आपल्याकडे आधी आमदारांचा फोन उचलणारा गृहस्थ आठवतो.

काम काय असते, हे एका बाटलीवरून सांगते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या छातीत बसवलेल्या नळ्यांची टोके बाहेर आणलेली असतात आणि आत साठणारे रक्त खाटेखालच्या, मापाच्या खुणा असलेल्या बाटलीत जमा होते. दर तासाला त्याचा आकडा तक्त्यावर लिहायचा असतो. पहिल्या काही तासांत हा आकडा हळूहळू उतरत गेला तर ठीक. पण ज्या बाटलीत तासाला शंभर मिलिलिटर येत होते तिच्यात एकाएकी काहीच येईनासे झाले, तर काचेबाहेरचे नातेवाईक ‘रक्त थांबले’ म्हणून हात जोडतात आणि आमच्या पोटात गोळा येतो. रक्त थांबलेले असू शकते, तसेच नळीत गुठळी अडकून तेच रक्त हृदयाभोवती साठत असू शकते आणि हृदयाला भरायला जागाच उरत नसते. अशा वेळी नाडी वाढली आहे का, रक्तदाब उतरतो आहे का, मानेच्या शिरेतल्या नळीवरचा दाब चढतो आहे का, लघवी कमी झाली आहे का, ही चारही उत्तरे एकत्र मांडून, नळी कुठे दुमडलेली नाही ना हे पाहून, सर्जनना त्याच मिनिटाला कळवणे, इको यंत्र खाटेशी आणवणे आणि छाती पुन्हा उघडावी लागली तर शस्त्रक्रियागृह तयार असेल अशी व्यवस्था करणे, हे आमचे काम. छाती उघडायची की नाही, हे सर्जन ठरवतात. ‘रक्त थांबले’ आणि ‘रक्त अडकले’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हात लावू देऊ नका असे सांगणे रुग्णाच्याच जिवावर बेतू शकते.

दुसरे उदाहरण पिशवीचे. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या रुग्णांना आम्ही फाइलबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगतो, कारण फाइलमध्ये नसलेले बरेच काही पिशवीत सापडते. धातूची मायट्रल झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर हा रक्ततपासणीचा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राखावा लागतो. त्याच्या पिशवीत गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी निघाली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेथी-पालकाने उलट गोळीचा परिणाम कमी होतो, तरी पालेभाजी बंद करू नका, फक्त आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवा, हे आम्ही दर वेळी सांगतो. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत एवढी पिशवी रिकामी होत नाही.

कायद्याची मान्यता नाही, हा दावा जुना झाला. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी 1965 मध्ये नौदलात वैद्यकीय मदतनीस राहिलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे तो 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आला आणि पुढे कित्येक वर्षे त्याला केंद्रीय कायद्याचा आधार नव्हता, हे खरे आहे. परंतु 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट (फिजिशियन असिस्टंटचेच दुसरे नाव) हा व्यवसाय नोंदलेला आहे. मान्यता मिळाली म्हणजे डॉक्टरकी मिळाली, असा मात्र याचा अर्थ नाही. अमेरिकेतले पीए औषधे लिहून देऊ शकतात. आम्ही स्वतःच्या सहीने चिठ्ठी लिहू शकत नाही, आणि ज्यांना तिथले दाखले देऊन इथे मिरवायचे आहे त्यांनी हा फरक आधी सांगावा.

ब्रिटनमध्ये बंदी आलेली नाही. डिसेंबर 2024 पासून तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने पीएंची नोंदणीही स्वतःकडे घेतली. जुलै 2025 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्रा. जिलियन लेंग यांचा या पदाविषयीचा अहवाल आला. त्यात हे पद रद्द करा असे म्हटलेले नाही. ‘असोसिएट’ हे नाव बदलून ‘असिस्टंट’ करावे, रुग्णाला समोरची व्यक्ती कोण आहे ते स्पष्ट कळावे आणि निदान न झालेल्या नव्या रुग्णाला त्यांनी प्रथम पाहू नये, अशा त्यातल्या शिफारशी आहेत. माझ्या मते त्या योग्यच आहेत. ताप कशाचा, पोट का दुखते, हे पहिल्यांदा ठरवणे सर्वांत अवघड असते आणि ते डॉक्टरांनीच करावे.

पगाराच्या मुद्द्यावर मी संदेशकर्त्याशी अर्ध्या वाटेपर्यंत जाईन. आम्ही स्वस्त पडतो, हे उघड आहे. सर्जन चार-पाच तास शस्त्रक्रियेत अडकलेले असताना अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि त्यांच्या जोडीला पीए अशी रचना असेल तर तक्रारीला जागा नाही. पण डॉक्टरांच्या जागीच पीए उभा केला, रात्रभर मजल्यावर एकही डॉक्टर नाही, असे कुठे होत असेल तर ती फसवणूक आहे. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे डिस्चार्जच्या कोऱ्या कागदांवर डॉक्टरांनी आधीच सह्या करून ठेवलेल्या असत आणि मजकूर आम्ही भरायचा. मी दोनदा हरकत घेतली, तिसऱ्यांदा राजीनामा दिला. त्या कागदांबद्दल कोणी संदेश फिरवला असता तर मीही पुढे पाठवला असता.

गावोगाव दवाखाने थाटण्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणीकृत डॉक्टर नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रवेशाच्या दिवसांत ‘चार वर्षांत डॉक्टरसारखे करिअर’ असे सांगणाऱ्यांनी हे कलमही सांगितले, तर पुढचे अनेक घोटाळे टळतील.

मावशीला मी शेवटी इतकेच लिहिले, की तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला नाव आणि पद विचारायचे, आणि ‘माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर कोण, ते केव्हा भेटतील’ हेही विचारायचे. परवा निफाडच्या एका आजोबांच्या मुलाने मला नेमके हेच विचारले. मी म्हटले, ‘मी डॉक्टर नाही, पीए आहे, सर शस्त्रक्रियेत आहेत, साडेसहाला येतील, तोवर इथल्या ड्यूटी डॉक्टरांबरोबर मी लक्ष ठेवते.’ त्याने मोबाइलमधला तो संदेश मला दाखवला, थोडा संकोचला, आणि मग खाटेजवळची खुर्ची मागे सरकवली, कारण मला बाटलीवरचा आकडा दिसत नव्हता.